फोरमनचं हमिंग

शहापुरात मला भाड्याची जागा मिळाली ती माझ्या फ्रिजच्या कृपेनं. मुलाखत माझी झालीच नाही, फ्रिजची झाली. ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायला मी नव्यानं आले होते. एका घराचा वरचा मजला रिकामा आहे एवढं कळलं आणि सामान टेम्पोत टाकून मी थेट दारात जाऊन उभी राहिले. घरमालक मल्टिमीटर हातात घेऊनच बाहेर आले. माझं नाव, गाव, पगार, लग्न यातलं काही त्यांनी विचारलं नाही. फ्रिज तेवढा उतरवायला लावला, ओटीवर उभा करून त्याचा प्लग लावला आणि आत निघून गेले. आतून सनईची रेकॉर्ड सुरू व्हायची, थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मी आणि टेम्पोवाला एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. शेवटी त्यांच्या बायको पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "घाबरू नका. ते आवाज ऐकतायत."

मग काका, म्हणजे घरमालक, बाहेर आले. फ्रिजकडे असं पाहिलं की त्यानं आजवर कुठं कुठं काय काय केलंय ते सगळं त्यांना ठाऊक आहे.

"फ्रिज चालंल," ते म्हणाले. "पण मी सांगंन तेव्हा बंद करायचा."

कसला आवाज, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे त्या घरात राहिले तोवर मात्र दुसरं फारसं काही कानावर पडलंही नाही.

गावात त्यांना सगळे फोरमन म्हणायचे. भातसानगरला धरणावर विजेच्या कामात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथल्या क्वार्टरमधून निवृत्त होऊन ते शहापुरातल्या स्वतःच्या घरात राहायला आले. अंगानं काटक, केस बारीक कापलेले, आणि शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. लग्नाला जातानासुद्धा कडक इस्त्रीच्या शर्टात टेस्टर असायचाच. कोणाच्या मांडवात कुठली वायर उघडी असेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकून ते सरळ मांडवाच्या मागं जायचे आणि डेकोरेशनवाल्याला घाम फोडून परत यायचे.

संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, व्यवसाय होता. दुधात पाणी आहे हे ते धरूनच चालायचे, फक्त आज किती आहे एवढंच पाहायचं बाकी असायचं. गॅसचा सिलिंडर ताणकाट्याला लटकवून घ्यायचे. घरी लग्नपत्रिका आली तर शेजारी जाऊन त्यांच्याकडे आलेली पत्रिका मागून घ्यायचे आणि दोन्हींवरची तारीख ताडून पाहायचे. दाराची कडी वाजली की आतून "कोण?" म्हणायचे, नाव ऐकायचे, खिडकीच्या फटीतून पाहायचे आणि मग पुन्हा "कोण?" म्हणायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "खात्री केली का?" मी जिना उतरताना म्हटलं, काका, आज कॉलेजला सुट्टी आहे, की ते विचारायचे, खात्री केली का? आणि मी, चांगली शिकलेली बाई, पुन्हा वर जाऊन कॉलेजला फोन करायचे.

या माणसाला एकच शौक होता, गाणं ऐकण्याचा. भातसानगरच्या क्वार्टरमध्ये असताना त्यांनी जमवाजमव करून एक यंत्रणा उभी केली होती. जुना जड अॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि सागाच्या खोक्यातले दोन स्पीकर. स्पीकर एवढे उंच की पाहुण्यांची पोरं त्यांना कपाट समजून उघडायला जायची. सनई, भजनं, नाट्यगीतं असा रेकॉर्डींचा साठा होता. क्वार्टरमध्ये सगळं स्वच्छ वाजायचं. शहापूरच्या घरात आणून जोडलं आणि पहिल्याच दिवशी स्पीकरमधून घूं असा आवाज यायला लागला. पातेल्याखाली भुंगा अडकावा तसा. गाणं चालू असताना तो लपायचा. गाणं संपलं, गवयानं श्वास घेतला, सनईवाला थांबला, की तो हजर. काका त्याला हमिंग म्हणायचे. ते नाव घेताना आवाज खाली आणायचे, जणू तो ऐकतोय.

"भातसानगरला नव्हतं," ते मला सांगायचे. "सामान तेच, मी तोच. म्हंजे हे इकडचं हाय. इकडचाच कोणतरी हाय."

कोणतरी म्हणजे कोण, याची फिरती यादी त्यांच्या डोक्यात असायची. शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप, कोपऱ्यावरचा रस्त्याचा दिवा, मोबाइलचा टॉवर, पलीकडच्या आळीतली गिरणी. गिरणीवाला भला माणूस. एका सकाळी काकांनी जाऊन त्याला सांगितलं की थोडा वेळ गिरणी बंद ठेव, मला ऐकायचंय. दळण घेऊन बायका उभ्या होत्या तरी त्यानं फोरमनच्या शब्दाला मान देऊन पट्टा उतरवला. काका घरी आले, ऐकलं. आवाज होताच. दुसरा कोणी असता तर गिरणीवर काट मारली असती. काका परत गिरणीत गेले आणि सगळ्या मशिनांच्या मागं वाकून पाहू लागले. त्यांना संशय होता की गिरणीवाल्यानं एक मोटर बंद करून दुसरी चालू ठेवलीय. बायकांच्या डब्यांमागंही त्यांनी पाहिलं. त्यानंतर तो गिरणीवाला मला रस्त्यात भेटला की फोरमनची तब्येत विचारायचा, आणि तब्येत म्हणताना बोट कपाळाकडे न्यायचा.

संशयाची एक गंमत असते. तुम्ही दुसऱ्यावर घेतला की दुसराही तुमच्यावर घ्यायला मोकळा होतो. काकांनी घराच्या मागं, चिकूच्या झाडाखाली एक खड्डा खणला होता. त्यात तांब्याचा पत्रा उभा पुरला, कोळसा भरला, मीठ भरलं, आणि वरून एक जाड उघडी तांब्याची तार काढून खिडकीतून आत नेली. रोज अंघोळ झाली की ते ओल्या पंच्यानं तिथं जाऊन खड्ड्यात पाणी घालायचे. हे अर्थिंग होतं, भरकटलेली वीज जमिनीत सोडायची सोय. विजेचं काम करणाऱ्या कुणालाही ते कळलं असतं. पण शेजारची आजी विजेचं काम करत नव्हती. तिनं कुंपणावरून कोळसा पाहिला, मीठ पाहिलं, तांबं पाहिलं, रोज सकाळी ओलेत्यानं पाणी घालणारा माणूस पाहिला आणि जे समजायचं ते समजली. त्याच महिन्यात तिची म्हैस आटली. झालं. त्यांच्या घरातून आमच्याकडे येणारी वाटी बंद झाली. काका म्हणाले, बघा, मी पंपावर संशय घेतल्याचा राग काढतायत. आपल्यावर करणीचा आळ आलाय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि सांगायची छाती ना मला झाली ना काकूंना.

त्या खड्ड्याची कथा जरा सांगायला हवी, कारण घराला आधीच एक अर्थिंग होतं. काका नोकरीवर असताना घर बांधलं गेलं. वायरिंग केलं ते काकूंच्या भावानं. ते मुरबाडला इलेक्ट्रिकची कंत्राटं घेतात. त्यांनी पुढच्या पायऱ्यांजवळ रीतसर खड्डा करून अख्ख्या घराचं अर्थिंग त्याला जोडलं होतं. काकांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. मेव्हण्यानं मीठ कमी घातलं असणार, पत्रा पातळ टाकला असणार, असं ते खात्रीनं सांगायचे. उघडून पाहिलंत का, असं मी एकदा विचारलं. "उघडून कशाला बघायचा? मी त्याला ओळखतो ना," असं उत्तर आलं. म्हणून अॅम्प्लिफायरपुरता त्यांनी स्वतःचा वेगळा खड्डा केला, आणि अॅम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची मोठी पिनही काढून टाकली. मेव्हण्याच्या अर्थिंगचा वारासुद्धा त्याला लागता कामा नये. बाकी घर, दिवे, रेकॉर्ड प्लेअर, माझा फ्रिज, सगळं पुढच्या खड्ड्यावर. अॅम्प्लिफायर एकटा मागच्या खड्ड्यावर.

काकूंबद्दल बोलायचं तर त्या कमी बोलायच्या. ओटीलगतच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, त्यांचं पिको-फॉलचं मोटरचं मशीन होतं. साड्यांना फॉल लावणं, पिको करणं, ब्लाउज शिवणं. आटगावपासून बायका साड्या घेऊन यायच्या, बसायच्या, बोलायच्या. काकू मान खाली घालून शिवत असायच्या, पण कानातून एक शब्द सुटायचा नाही. ते मशीन हेच त्यांचं जग होतं, असं मी बेधडक म्हणते. त्यांच्या अंगावर मी कधी नवी साडी पाहिली नाही, पण मशीनवर रोज संध्याकाळी धुतलेलं कापड झाकलेलं असायचं.

आणि संशय फिरत फिरत घरात शिरला. काकांनी ऐकलं की मशीन सुरू झालं की हमिंग किंचित वाढतं. खरंच वाढायचं, मी स्वतः ऐकलंय. मग ते एक बोट वर करून स्पीकरसमोर बसायला लागले. तिकडे मोटर फिरली की इकडे बोट हलायचं. आधी त्यांनी काकूंना सांगितलं, मी ऐकत नसंन तेव्हा शिव. मग त्यांचं ऐकणं लांबत गेलं. दार लावून शिव, झालं. दुसऱ्या बोर्डावरून चालव, झालं. शेवटी लग्नसराईच्या तोंडावर, खोलीत साड्यांचा ढीग पडलेला असताना, काका म्हणाले की थोडे दिवस मशीन बंद ठेव, मला एकदाची खात्री करू दे. काकूंनी बटण बंद केलं. दारात आलेल्या बायकांना त्या सांगायला लागल्या, मशीन बिघडलंय. हे त्यांना सांगावं लागलं याचा मला आजही राग येतो.

थोड्याच दिवसांनी दुपारी मुरबाडहून त्यांचे भाऊ टेम्पो घेऊन आले. आरडाओरडा नाही, रडणं नाही. काकूंनी मशीनची मोटर कापडात गुंडाळली, साड्यांची गाठोडी उचलली, भावाच्या मदतीनं मशीन टेम्पोत चढवलं. जिन्यावर उभ्या असलेल्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "त्यांचा आवाज सापडला की येईन. तोपर्यंत लोकांच्या साड्या तर द्यायला हव्यात." काका ओटीवर हात मागं बांधून उभे होते. त्यांनी थांबवलं नाही. उलट चेहऱ्यावर एक उत्सुकता होती. आता परीक्षा होणार होती.

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला आणि ते घाईनं आत गेले. मी जिन्यातच होते. अॅम्प्लिफायरचं बटण दाबल्याचा खट् असा आवाज आला. त्यामागून, जसंच्या तसं, घूं. किंचित कमी असेल, पण होतंच.

मला वाटलं आता हा माणूस चपला घालून टेम्पोच्या मागं पळेल. ते बाहेर आले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वायरीत उरलेलं असंल. जाईल दोन दिवसात."

ते गेलं नाही. मग माझ्या फ्रिजवर पाळी आली. मी दिवसभर बंद ठेवला, दूध नासलं, हमिंगला काही फरक पडला नाही. रेकॉर्ड प्लेअरची केबल काढली की अॅम्प्लिफायर गप्प व्हायचा, जोडली की बोलायचा. म्हणून केबल बदलली. नवी केबलही बोलायला लागली. आता काकांनी केबल विकणाऱ्यावर संशय घेतला. हे सगळं मी हसत लिहितेय, पण तेव्हा घर भकास झालं होतं. काका स्वतः भात शिजवायचे आणि तो अर्धा ठेवून द्यायचे. डबा लावा म्हटलं तर डब्यात काय घालतात कोणाला माहीत, म्हणायचे. मी वरून भाजी दिली की आधी वास घ्यायचे. शर्ट अंगावर लोंबायला लागला. शिवणाची खोली त्यांनी बंद करून ठेवली होती, आणि तिच्यासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायचे.

त्या काळात मला स्वतःलाही ते संशयाचं वेड लागलं. स्टाफरूममध्ये पंखा फिरला की मी कान द्यायचे. दोन सहकारी हळू बोलत असले की माझ्याबद्दलच बोलतायत असं वाटायचं. प्राचार्यांनी वेळापत्रक बदललं त्यातही मी कोणाचा तरी हात शोधला. एका माणसाच्या संशयाला अख्खं घर पुरत नाही, तो भाडेकरूच्या नोकरीपर्यंत जातो.

एकदा धीर करून मी काकांना म्हटलं, मशीन निर्दोष होतं हे तर सिद्ध झालं, मग जाऊन काकूंना आणा ना. ते टेस्टरचं टोपण काढत आणि लावत बसले. मग म्हणाले, "काय सांगू जाऊन? तुझं मशीन नव्हतं, पण कोण होतं ते म्हाईत नाय, असं? कारण सापडल्याबिगर कोणत्या तोंडानं जाऊ?" तेव्हा मला कळलं की तो आवाज शोधणं आता शौक राहिला नव्हता. सापडला तर या माणसाला मुरबाडचा रस्ता होता, नाहीतर नव्हता. आणि ते जितका शोध घेत तितका तो लांब जात होता.

मग चोरी झाली.

मी कॉलेजातून परत आले तर काका चिकूखाली उभे. खिडकीपासून खड्ड्यापर्यंतची तांब्याची जाड तार कोणीतरी कापून नेली होती. खड्ड्यातून वीतभर तुकडा वर आलेला तेवढा शिल्लक. इतकी वर्षं साऱ्या गावावर संशय घेतलेल्या माणसाच्या घरी अखेर खरीखुरी चोरी झाली होती, आणि त्यांना कोणावर सुरुवात करावी तेच कळेना. भंगारवाला, गिरणीवाला, म्हशीवाले शेजारी. मग मला विचारलं, तुमी सकाळी कुठं होतात? मी चिडून म्हटलं, वर्गात, मुलांना विचारा, खात्री करा. त्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मेव्हणा," ते म्हणाले. "तार केवढी जाड हाय ते त्यालाच म्हाईत होतं." टेम्पो घेऊन आला तेव्हा त्यानं मागं जाऊन पाहिलं होतं म्हणे. मुरबाडचा कंत्राटदार तेवढ्याशा तारेसाठी एवढ्या लांब येईल, हे त्यांना सहज पटत होतं.

चोर आत शिरला होता का हे पाहायला ते खोलीत गेले. काही हललेलं नव्हतं. अॅम्प्लिफायर शाबूत आहे का म्हणून त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला. आणि ते ओरडले, "मॅडम, अँप मेला!"

मी धावले. अॅम्प्लिफायर मेलेला नव्हता. त्यातून घूं येत नव्हतं, म्हणून त्यांना तो मेला वाटला. काकांनी रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली. सनई अशी आली की मी दारातच थांबले. सुई उचलली. काही नाही. पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली. सनईच्या मागं आता फक्त ती खोली होती.

"फ्रिज बंद केलात?" त्यांनी विचारलं. मी वर जाऊन आले. फ्रिज चालू होता. पलीकडे गिरणी घरघरत होती, शेजारी पंप चालला होता. सगळे आरोपी आपापल्या कामावर होते आणि हमिंग नव्हतं.

काकांनी कपाटातून एक वायर काढली. एक टोक खड्ड्यातल्या उरलेल्या तारेला बांधलं, दुसरं आणून अॅम्प्लिफायरच्या पाठीला टेकवलं. घूं. काढलं, शांत. टेकवलं, घूं. अंगणातून कळशी आणून खड्ड्यात ओतली आणि पुन्हा टेकवलं. घूं अजून मोठं झालं. कितीतरी वेळ ते तसंच करत राहिले. शेवटी मीच त्यांच्या हातातून वायर काढून घेतली, कारण पाहवेना. ते जमिनीवर बसले.

"रोज पाणी घालून मीच वाढवलं," ते म्हणाले. एवढंच. तार कोणी नेली हे त्यांनी त्यानंतर कधी विचारलं नाही. पोलिसात गेले नाहीत, भंगारवाल्याकडे गेले नाहीत.

पण अॅम्प्लिफायर बिनअर्थिंगचा ठेवणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. त्यांनी ड्रॉवर उघडला. काढून टाकलेली मोठी पिन एका डबीत जपून ठेवलेली होती. ती प्लगला परत बसवण्याआधी ते मल्टिमीटर घेऊन पुढच्या पायऱ्यांजवळ गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मेव्हण्याच्या खड्ड्याचं झाकण उचललं. मोजलं. पुन्हा मोजलं. कोळसा हातानं उकरून पाहिला. "चांगला हाय," ते म्हणाले, आणि असं म्हणाले की जणू त्यांचं काहीतरी हरवलंय. मग पिन बसवली, प्लग भिंतीतल्या बोर्डात लावला, अॅम्प्लिफायर सुरू केला. शांत. अख्खं घर आता एकाच खड्ड्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते जिन्याखाली येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. "मुरबाडला येता का मॅडम? मी सांगितलेलं तिला खरं नाय वाटणार. तुमी ऐकलंय." जन्मभर कोणाच्या शब्दावर न विसंबलेला माणूस साक्षीदार मागत होता. मी रजा टाकली. त्यांनी माझ्या स्कूटरचे ब्रेक दाबून पाहिले, टायर दाबून पाहिले, आणि मग मागं बसले. किन्हवलीच्या रस्त्यानं आम्ही निघालो. वाटेत एकदा आरशात दिसलं की पिशवी त्यांनी छातीशी धरलीय.

मेव्हण्यांचं घर बाजारापासून जरा आत. पुढच्या पडवीत मशीन मांडलेलं होतं आणि काकू एका जांभळ्या साडीला पिको करत होत्या. मेव्हण्यांनी आम्हाला पाहिलं, खुर्च्या पुढे केल्या आणि चहाच्या निमित्तानं आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. शहाणा माणूस. काकूंनी पायाखालचं पेडल सोडलं, पण साडी मशीनवरून काढली नाही.

काका बसले नाहीत. उभ्यानंच पिशवीतून मल्टिमीटर काढला, कापलेल्या तारेचा तुकडा काढला, जुनी केबल काढली आणि सांगायला लागले. एक खड्डा तुझ्या भावाचा, एक माझा. रेकॉर्ड प्लेअर त्याच्या खड्ड्यावर, अँप माझ्या. मधी ही केबल. दोन्हीकडची जमीन सारखी नसते, म्हणून थोडा करंट या केबलमधनं इकडून तिकडं पळायचा, आणि तोच वाजायचा. तुझं मशीन सुरू झालं की थोडा जास्त पळायचा, म्हणून वाढल्यासारखं व्हायचं. पण रस्ता मी केलेला. खड्डा एकच असता तर काही झालं नसतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी ऐकलंय काकू, म्हटलं, आता खरंच येत नाही.

काकू सगळं नीट ऐकत होत्या. तारेचा तुकडा त्यांनी हातात घेऊन पाहिला आणि परत दिला.

"मला कधी आलाच नाय तो," त्या म्हणाल्या.

काकांना कळलं नाही. "काय?"

"आवाज. मला कधी ऐकूच नाय आला. आधी पण नाय. तुमी विचारायचात, वाढला का गो, मी म्हणायची, वाढला."

"मग हो कशाला म्हणायचीस?"

"तुमी म्हणताय म्हंजे असंल," काकू म्हणाल्या. "तुमी कशाला खोटं बोलाल?"

मी पडवीबाहेर पाहायला लागले, कारण मला रडू आलं. जो आवाज त्यांच्या कानाला कधी लागलाच नाही, त्याच्यासाठी त्यांनी दार लावून शिवलं होतं, बोर्ड बदलला होता, मशीन बंद केलं होतं, दारातल्या बायकांना खोटं सांगितलं होतं. नवऱ्याचा शब्द त्यांनी कधी तपासून पाहिला नव्हता. काका मल्टिमीटरकडे पाहत होते. मग त्यांनी त्याची वायर गुंडाळली आणि तो पिशवीत ठेवून दिला. शर्टाच्या खिशातला टेस्टरही काढला, जरा वेळ हातात धरला आणि तोही पिशवीत टाकला.

"येतेस का?" त्यांनी विचारलं. "मशीन तिथंच ठेवू. खिडकीत."

काकूंनी साडीची कड बोटांनी सरळ केली. "आणि परत आला तर?"

काकांनी पिशवी खाली टेकवली. मला वाटलं, आता म्हणतील की खात्री केलीय, परत येणार नाही.

"आला तर येऊ दे," ते म्हणाले. "तू मशीन बंद नको करू."

काकू हसल्या नाहीत. एवढी कड पुरी करते, मग बघू, म्हणाल्या आणि पेडल दाबलं. मोटर घरघरायला लागली, जांभळी साडी पुढे सरकू लागली. काकांनी खुर्ची मशीनजवळ ओढून घेतली आणि कड संपेपर्यंत ते ऐकत बसले.